साखरेचा हिशोब : एका गडद बेल्जियन बिअरची चव

बेल्जियमच्या दक्षिण भागात, आर्देनच्या डोंगराळ मुलखात रोशफोर्ट नावाचं लहानसं गाव आहे. गावाजवळच्या नोत्र-दाम द सँ-रेमी या ख्रिस्ती मठात गडद रंगाच्या तीन बिअर बनतात. त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे आहेत : 6, 8 आणि 10. बुचांचे रंग अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा. निळ्या बुचाची बाटली हातात घेतली की लेबलवर 10 हा आकडा ठळक दिसतो आणि अल्कोहोलचं प्रमाण मात्र 11.3 टक्के लिहिलेलं असतं. मग हा 10 कशाचा?

तो साखरेचा. यीस्ट घालण्याआधी माल्टचा जो गोड रस तयार होतो, त्याची घनता मोजण्याचं एक जुनं बेल्जियन माप होतं. पाण्याची घनता 1.000 धरली तर 1.060 घनतेचा रस म्हणजे 6, 1.080 म्हणजे 8 आणि 1.100 म्हणजे 10. हे माप आता व्यवहारातून गेलं, आकडे बाटलीवर राहिले. म्हणजे तो आकडा बिअर किती चढेल हे सांगत नाही. सुरुवातीला भांड्यात किती गोडवा होता, तेवढंच सांगतो.

आता थोडा हिशोब करू. 1.100 घनतेच्या एक लिटर रसात साधारण अडीचशे ग्रॅम ऐवज विरघळलेला असतो आणि त्यात बहुतांश निरनिराळ्या शर्करा असतात. 11.3 टक्के अल्कोहोल तयार व्हायला त्यातले अंदाजे 180 ग्रॅम यीस्टनं खावे लागतात. उरतात 60-70 ग्रॅम. 33 सेंटिलिटरच्या एका बाटलीपुरतं बोलायचं तर 80-85 ग्रॅमपासून सुरुवात होते आणि वीस-बावीस ग्रॅम शिल्लक राहतात.

या बिअरवर लिहिणारे लोक मनुका, सुकं अंजीर, लवंग, चॉकलेट, पिकलेलं केळं, पोर्ट वाइन अशी लांबलचक यादी देतात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं की मंडळींची कल्पनाशक्ती दोन घोटांनंतर जरा जास्तच फुलली आहे. भांड्यात ना मनुका पडतात, ना अंजीर, ना लवंग. तरीही ही यादी बऱ्यापैकी खरी आहे. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द त्या साखरेपर्यंत मागे नेता येतो. थोडी साखर आधीच जाळलेली असते, बरीच यीस्ट खातं, काही तशीच उरते आणि चिमूटभर शेवटी बाटलीत घातली जाते. पेल्यात जे लागतं ते या चार वाटण्यांचं फळ.

मठात बिअर का?

आधी थोडी पार्श्वभूमी. रोशफोर्टचे संन्यासी ट्रॅपिस्ट पंथाचे. सहाव्या शतकातले संत बेनेडिक्ट यांनी घालून दिलेल्या नियमांत प्रार्थनेइतकंच अंगमेहनतीला महत्त्व आहे. संन्याशानं स्वतःच्या हातांच्या कष्टावर जगावं, असा दंडक आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ला ट्रॅप मठात या नियमांचं कडक पालन करणारी सुधारणा झाली आणि त्यातून ट्रॅपिस्ट हे नाव रूढ झालं. कुठे चीज, कुठे पाव, कुठे बिअर असे या मठांचे उद्योग असतात. रोशफोर्टमध्ये बिअर बनत असल्याची नोंद 1595 पासून सापडते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुमाळीत मठ बंद पडला, 1887 मध्ये संन्यासी परतले आणि 1899 मध्ये भट्टी पुन्हा पेटली.

आज बाटलीवर षटकोनी ट्रॅपिस्ट शिक्का लावायचा तर तीन अटी पाळाव्या लागतात. बिअर मठाच्या आवारातच बनली पाहिजे आणि ती संन्याशांनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली बनवलेली असावी. हा उद्योग मठाच्या जीवनात दुय्यम असावा. आणि हेतू नफ्याचा नसावा : मठाचा खर्च भागल्यावर उरलेला पैसा समाजकार्याला जावा. संन्यासीच उरले नाहीत म्हणून आखेल या मठाच्या बिअरनं 2021 मध्ये हा शिक्का गमावला. आता बेल्जियममध्ये ट्रॅपिस्ट बिअर बनवणारे पाच मठ राहिले आहेत : रोशफोर्ट, शिमे, ऑर्व्हाल, वेस्टमाले आणि वेस्टफ्लेटेरेन. नुसतं 'ॲबी' असं लिहिलेल्या बाटल्या बाजारात बऱ्याच दिसतात, पण त्या साध्या व्यापारी कारखान्यांतही बनतात.

बिअर इतकी कडक होण्यामागे एका कायद्याचाही हातभार आहे. बेल्जियमचे समाजवादी नेते एमिल व्हांडरव्हेल्ड यांच्या पुढाकारानं 1919 मध्ये तिथल्या कॅफेंमध्ये जिनसारखं कडक मद्य विकायला बंदी आली. दुकानातून न्यायचं तर एका वेळी किमान दोन लिटर घ्यावं लागे, म्हणजे मजुराच्या खिशाबाहेरचं काम. उद्देश दारूबंदीचा होता, पण ज्यांना कडक काही हवं होतं ते बिअरकडे वळले आणि बिअर त्यांच्या अपेक्षेला उतरू लागली. हा कायदा 1980 च्या दशकापर्यंत टिकला. तोवर कडक बिअरची चटक देशाला पुरती लागली होती.

कडक, तरी चिकट का नाही?

जास्त अल्कोहोल हवं तर जास्त साखर हवी, हे उघड आहे. प्रश्न ती आणायची कुठून, हा. बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट तयार होतं. ते दळून गरम पाण्यात, साधारण 62 ते 68 अंश सेल्सियसला भिजवलं की दाण्यातली विकरं पिठूळ स्टार्चचे तुकडे करतात. लहान तुकडे म्हणजे माल्टोजसारख्या शर्करा. त्या यीस्टला खाता येतात. मोठे तुकडे म्हणजे डेक्स्ट्रिन; ते यीस्टला चावता येत नाहीत आणि शेवटपर्यंत बिअरमध्ये राहतात. बिअरला अंग येतं, जिभेवर ती जाडसर लागते, ते बरंचसं या डेक्स्ट्रिनमुळे.

सगळा गोडवा माल्टमधूनच आणायचा ठरवला, तर रस जितका दाट तितके डेक्स्ट्रिनही जास्त. जर्मनीतल्या डॉपेलबॉक या कडक गडद बिअरचं तसंच होतं. बव्हेरियात 1516 मध्ये लागू झालेल्या शुद्धतेच्या कायद्यानुसार तिथल्या अशा बिअरमध्ये वेगळी साखर घालता येत नाही. डॉपेलबॉक सहसा सात-आठ टक्क्यांची असूनही पावाच्या गाभ्यासारखी भरीव लागते.

बेल्जियन लोकांनी निराळी वाट धरली. रस उकळताना ते त्यात सरळ बीटची साखर घालतात. नेपोलियनच्या काळात समुद्रमार्गे येणारी उसाची साखर अडली, तेव्हापासून युरोपच्या या पट्ट्यात बीटची लागवड वाढली, त्यामुळे साखर मुबलक होती. साधी साखर यीस्ट पूर्णपणे खाऊन टाकतं, मागे काही ठेवत नाही. तिच्यामुळे अल्कोहोल वाढतं आणि अंग मात्र हलकं राहतं. म्हणून रोशफोर्ट 10 चा पहिला घोट घेणारे बरेच जण चकित होतात. रंग आणि वास पाहून घट्ट, गोड, औषधी काढ्याच्या जातीचं काहीतरी येणार असं वाटतं, आणि प्रत्यक्षात घोट सहज उतरतो, शेवट बऱ्यापैकी कोरडा होतो. बेल्जियन लोक अशा बिअरची तारीफ करताना ती 'पचायला हलकी' आहे असं म्हणतात. 11.3 टक्क्यांच्या द्रवाला हे विशेषण लागतं, त्याचं श्रेय साखरेला.

काळा रंग, पण करपट नाही

गडद बिअर म्हटलं की पुष्कळांना आयर्लंडची स्टाउट आठवते : काळीभोर, कॉफीसारखी कडवट. स्टाउटचा रंग कॉफीच्या बियांसारख्या खरपूस भाजलेल्या बार्लीतून येतो आणि भाजल्याचा कडूपणा सोबत घेऊन येतो. बेल्जियन गडद बिअर उजेडात धरून पाहिली तर ती काळी नसते. कडेला तांबूस, मध्ये महोगनीच्या लाकडासारखी तपकिरी दिसते आणि वासात करपटपणा नसतो. कारण इथे रंगाचा मोठा वाटा जाळलेल्या साखरेचा असतो, तिला मदत थोड्याफार रंगीत माल्टची.

बीटच्या साखरेचा दाट पाक तापवत नेला की गडद कँडी सिरप तयार होतं. कॅरॅमल कस्टर्डसाठी भांड्याच्या तळाशी साखर तापवणाऱ्या कुणालाही हा प्रवास पाठ असतो : आधी पांढरी, मग मधाळ, मग तांबूस, आणि एक क्षण जास्त झाला की कडू. सिरप बनवणारा त्या क्षणाच्या अलीकडे थांबतो. साखर एकटी तापली तर होतं कॅरॅमलीकरण. सोबत अमिनो आम्लं असली तर दुसरी एक अभिक्रिया सुरू होते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती मायार अभिक्रिया. माल्ट वाळवताना, रस तासन्तास उकळताना आणि सिरप शिजवताना ही अभिक्रिया होत राहते.

तिच्यातून शेकडो संयुगं निघतात आणि रसिकांच्या यादीतले निम्मे शब्द इथे भेटतात. अमिनो आम्लांपासून तयार होणारी काही अल्डिहाइड अशी आहेत की कोकोच्या वासातही तीच मुख्य असतात. म्हणून चॉकलेटचा भास होतो. बीटा-डॅमासेनोन नावाचं एक संयुग अगदी नगण्य प्रमाणातही शिजवलेल्या आलुबुखारासारखा, सुक्या फळांसारखा वास देतं. ते गुलाबात असतं आणि रममध्येही. मनुकेचा तो वास तरी कुठून येतो? द्राक्ष सुकताना त्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकवटतात आणि हीच मायार अभिक्रिया मंद गतीनं चालते. तेव्हा बिअरमध्ये मनुका 'लागते', यात कवीपणा फारसा नाही. दोन्हीकडे रसायनशास्त्र एकाच वाटेनं गेलेलं असतं.

यीस्टचा वाटा

साखरेचा सर्वांत मोठा वाटा यीस्ट उचलतं. त्यातून अल्कोहोल आणि कर्बवायू तयार होतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पण यीस्ट खाता खाता इतरही पुष्कळ काही सोडतं, आणि बेल्जियन बिअरचा स्वभाव त्या 'इतर' मध्येच आहे.

पहिला गट एस्टरचा. आयसोअमाइल ॲसिटेट हे पिकलेल्या केळ्याच्या वासाचं मुख्य संयुग. यीस्ट नेमकं तेच बनवतं. इथाइल हेक्सॅनोएटमध्ये सफरचंदाची आणि किंचित बडीशेपेची छटा असते. रस जितका दाट आणि साध्या शर्करेनं भरलेला, तितके एस्टर जास्त बनतात. कडक बिअर हलक्या बिअरपेक्षा फळाळ का लागते, याचं एक कारण हे.

दुसरा गट फिनॉलचा. बार्लीच्या टरफलात फेरुलिक आम्ल असतं. बहुतेक बेल्जियन यीस्टमध्ये त्याचं 4-व्हिनाइल ग्वायकोल करण्याची क्षमता असते. लवंगेतलं युजेनॉल आणि हे संयुग जवळचे नातेवाईक आहेत. म्हणून लवंग न घालता लवंग लागते. आपल्याकडे बारमध्ये मिळते ती लागर बिअर बनवणाऱ्या कारखान्यात हा गुण दोष मानला जातो आणि तसं यीस्ट बाद होतं.

तिसरी गोष्ट तापमान. लागर साधारण 8 ते 12 अंशांच्या थंडाव्यात आंबते. यीस्ट हळू काम करतं आणि वास कमी सोडतं. बेल्जियन बिअर 20 अंशांच्या आसपास सुरू होते आणि पुढे आपल्याच उष्णतेनं तापते. तापमानाचा फरक किती पडतो, याचं एक छान उदाहरण आहे. वेस्टफ्लेटेरेनचा मठ आपलं यीस्ट वेस्टमालेच्या मठातून आणतो. वेस्टमालेत ते 20 अंशांच्या जवळपास लगाम घालून ठेवलं जातं. वेस्टफ्लेटेरेनला मात्र तापमान 28 अंशांपर्यंत चढू देतात. यीस्ट एकच, पण एका ठिकाणी चव शिस्तीची आणि दुसऱ्या ठिकाणी भरघोस, फळांनी लगडलेली.

शिमेच्या मठातली कहाणी वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फादर थिओडोर यांनी लूवेन विद्यापीठातले बिअर-शास्त्रज्ञ जाँ द क्लेर्क यांच्या मदतीनं आपल्या यीस्टमधून एक शुद्ध वाण वेगळा काढला. त्याच काळात, 1948 मध्ये, नाताळसाठी म्हणून एक कडक गडद बिअर तिथे बनली. तीच पुढे बारमाही झाली आणि आज शिमे ब्लू म्हणून ओळखली जाते. द क्लेर्क यांना मृत्यूनंतर त्याच मठात पुरण्यात आलं. संन्याशांखेरीज हा मान क्वचितच कुणाला मिळतो.

आता भेसळीबद्दल. रोशफोर्टच्या बिअरमध्ये एक मसाला खरोखरच पडतो, आणि तो म्हणजे धणे. प्रमाण अगदी थोडं. धण्यांच्या तेलात लिनालूल भरपूर असतं, त्यामुळे वासाला संत्र्याच्या सालीसारखी हलकी उचल मिळते, आणि आपल्या मसाल्याच्या डब्याची आठवण मात्र कुणालाही होत नाही. हॉप्स नावाच्या फुलांचा कडूपणाही आहे, पण तो पुढे येत नाही. उरलेल्या गोडव्याला आवर घालणं, एवढंच त्याचं काम.

बाटलीतला शेवटचा घास

आंबण्याची प्रक्रिया संपली की बिअर काही काळ थंडाव्यात मुरवतात. बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि ताजं यीस्ट पुन्हा घालतात. आधीचं यीस्ट इतक्या अल्कोहोलमध्ये दमून गेलेलं असतं, म्हणून ही नवी कुमक. बाटल्या दोन-तीन आठवडे उबदार खोलीत ठेवल्या जातात. यीस्ट तो शेवटचा घास खातं, निघालेल्या कर्बवायूला बाहेर पडायला वाट नसल्यानं तो बिअरमध्येच विरघळतो. दाब चांगलाच वाढतो, म्हणून बाटल्या जाड काचेच्या. काम संपलेलं यीस्ट तळाशी बसतं आणि बाटलीच्या बुडाला करड्या गाळाचा पातळ थर दिसतो.

ओतताना हे सगळं लक्षात ठेवायचं. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी, म्हणजे गाळ खाली बसतो. पेला रुंद तोंडाचा, देठाचा, चषकासारखा असावा आणि स्वच्छ धुतलेला. तेलकट बोटाचा डागही फेस मारतो, कारण फेसाचे बुडबुडे प्रथिनं आणि हॉप्समधली संयुगं यांच्या नाजूक पापुद्र्यावर उभे असतात. पेला तिरका धरून बिअर हळू सोडायची आणि शेवटी सरळ करायची. वर बदामी रंगाचा, साईसारखा दाट फेस चढतो. तो खाली उतरताना काचेवर जाळीदार कडी सोडत जातो. बाटलीत बोटभर बिअर ठेवून थांबलं तर पेला नितळ राहतो. गाळ ओतला तर बिअर गढूळ होते, पावाच्या कणकेची चव येते. नुकसान काही नाही, आवडीचा प्रश्न आहे.

तापमानाबाबत आपली सवय आडवी येते. आपल्याकडे बिअर म्हणजे बर्फासारखी गार. 4 अंशांना वासाची संयुगं फारशी उडत नाहीत, जीभही बधिर होते, आणि गडद बेल्जियन बिअर नुसतं गार, गोडसर पाणी वाटू शकते. तिच्यासाठी 10 ते 14 अंश योग्य. म्हणजे फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावी. मुंबईच्या मे महिन्यात त्याहूनही कमी.

घोट घेताना

पहिला वास नुसता पेला नाकाशी नेऊन घ्यावा. रोशफोर्ट 10 मध्ये आधी सुक्या अंजिराचा आणि मनुकांचा वास येतो, त्यामागे कोको, मग किंचित लवंग आणि मिरीसारखी धार. घोट तोंडात गेला की बुडबुड्यांची टोचणी जाणवते. ही केवळ हवा नसते. विरघळलेला कर्बवायू जिभेवर आम्ल बनतो आणि आंबट ओळखणाऱ्या पेशी त्याला प्रतिसाद देतात. त्यामुळे गोडव्याला कड मिळते. बुडबुडे नसलेली हीच बिअर जड आणि मचूळ लागली असती.

घोट गिळल्यावर खरा खेळ सुरू होतो. तोंडातली उष्णता मिळालेली संयुगं घशाच्या मागून नाकात चढतात. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग हा मागच्या दारानं आलेला वास असतो. नाक चिमटीत धरून घोट घेतला तर गोड, कडू, आंबट एवढंच कळतं. गिळून चिमटी सोडली की अंजीर आणि चॉकलेट एकदम हजर होतात. हा प्रयोग कुणीही करून पाहावा, वर्णनांवरचा अविश्वास बराच कमी होतो.

त्यानंतर छातीपर्यंत उतरणारी ऊब. तिच्यामागचं शास्त्र आपल्या ओळखीचं आहे. मिरची तिखट लागते ती टीआरपीव्ही-1 नावाच्या संवेदकामुळे. तो खरं तर उष्णता ओळखण्यासाठी असतो आणि साधारण 42 अंशांना जागा होतो. याच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना 2021 च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. अल्कोहोलच्या संगतीत हा संवेदक 34 अंशांच्या आसपासच चाळवतो. म्हणजे शरीराचं नेहमीचं तापमानच त्याला गरम वाटू लागतं. बनवणाऱ्याचं कसब असं की ही ऊब जळजळीपर्यंत जाऊ नये. आंबताना यीस्टचे हाल झाले तर वेगळ्या जातीची अल्कोहोलं जास्त बनतात आणि वास रंगाच्या डब्यासारखा उग्र होतो. रोशफोर्ट 10 मध्ये 11.3 टक्के असूनही तो दर्प नाही, ही तिची सर्वांत मोठी तारीफ.

तीन मठ, तीन वाटण्या

हा हिशोब हाताशी असला की एकाच जातीच्या तीन बिअर वेगळ्या का लागतात, तेही उलगडतं. शिमे ब्लू 9 टक्क्यांची. अंग हलकं, शेवट कोरडा, मिरी आणि लवंग पुढे : इथे यीस्टचा आवाज मोठा. वेस्टफ्लेटेरेन 12 मध्ये अल्कोहोल 10.2 टक्के, तिथे कॅरॅमल, मनुका आणि चॉकलेट भरून येतं, गोडवा थोडा जास्त रेंगाळतो. रोशफोर्ट 10 या दोघींच्या पुढे जाते, अल्कोहोलच्या टक्क्यानं आणि खोलीनंही. पोर्ट वाइनची आठवण हिच्यातच सर्वांत जास्त येते.

वेस्टफ्लेटेरेनभोवती दंतकथाही आहे. 2005 मध्ये एका आंतरराष्ट्रीय क्रमवारीत ती जगातली सर्वोत्तम बिअर ठरली आणि मठाच्या दारात रांगा लागल्या. संन्याशांनी उत्पादन वाढवलं नाही. आधी फोनवर आणि 2019 पासून ऑनलाइन नोंदणी करून मोजकी खोकी मिळतात. बाटलीवर वर्षानुवर्षं लेबलही नव्हतं, पिवळं बूच हीच ओळख. दुर्मीळपणाही चवीत मिसळतो, हे मान्य करायला हवं. जवळच्या वाटू गावातली सेंट बर्नार्डस ही ब्रुअरी 1946 पासून 1992 पर्यंत परवाना घेऊन वेस्टफ्लेटेरेनच्या मठासाठी बिअर बनवत होती. तिची ॲब्ट 12 आज साध्या दुकानात मिळते, आणि डोळे बांधून दोन्ही चाखणाऱ्यांची पंचाईत होते.

काळाचं व्याज

बहुतेक बिअर ताजी प्यायची असते. ही जात अपवाद आहे. जास्त अल्कोहोल, बाटलीतलं जिवंत यीस्ट आणि गडद रंगाची ऑक्सिजनला अडवणारी संयुगं यांमुळे ती वर्षानुवर्षं टिकते. शिमे ब्लूच्या लेबलवर साल छापतात ते यासाठीच. अंधाऱ्या, थंड जागी बाटली उभी ठेवली तर आत हळूहळू बदल होतात. यीस्टमधली विकरं केळ्याच्या वासाचं एस्टर तोडत राहतात, तेव्हा ताजेपणीची फळं ओसरतात. हॉप्सचा कडूपणा विरतो. झिरपलेला थोडासा ऑक्सिजन आणि जळक्या साखरेची संयुगं मिळून शेरी, खजूर, जुनं चामडं अशा छटा आणतात. फिकट बिअरमध्ये हाच ऑक्सिजन ओल्या पुठ्ठ्याची चव आणून तिची वाट लावतो. पाच वर्षं जुनी शिमे ताज्या शिमेपेक्षा चांगलीच असेल असं नाही. ती वेगळी असते, मऊ, कमी बोलकी. मला विचाराल तर रोशफोर्ट दोन-तीन वर्षांची उत्तम. त्याहून पुढे यीस्टनं दिलेलं बरंच काही हातचं जातं.

किती प्यायची?

एक आकडेमोड राहिली. 33 सेंटिलिटरच्या बाटलीत 11.3 टक्के म्हणजे सुमारे 37 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या 42.8 टक्के व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या छोट्या पेगात ते 13 च्या आसपास असतं. म्हणजे एक लहानशी बाटली जवळपास तीन पेगांइतकी. भारतात लेबलवर 'स्ट्राँग' लिहिलेली बिअरही कायद्यानं 8 टक्क्यांपर्यंतच असते, त्यामुळे 'बिअरच तर आहे' हा आपला अंदाज इथे साफ चुकतो. आकर्षक हलकेपणा हाच या बिअरचा धोका : साखरेनं अंग इतकं सडपातळ ठेवलेलं असतं की जिभेला चढत्या आकड्याचा पत्ता लागत नाही. गाडी चालवणाऱ्यानं तर तिच्या वाटेलाही जाऊ नये.

सर्वांत शहाणपणाचं म्हणजे एक बाटली दोघांत घ्यावी, सोबत काहीतरी खावं आणि तासभर पुरवावी. तासाभरात पेला पाच-सहा अंशांनी कोमट होतो आणि बिअर बदलत जाते. गार असताना बुडबुडे आणि मिरी पुढे असतात. मग लवंग, केळं. अर्ध्यावर आल्यावर कोको आणि मनुका उलगडतात. पहिल्या घोटावरून मत बनवणारा माणूस या बिअरच्या उत्तरार्धाला मुकतो. आणि चाखताना काय लागलं याची टिपणं करायचीच असतील तर प्रत्येक शब्दापुढे एक प्रश्न लिहावा : हे माल्टचं, जळलेल्या साखरेचं, यीस्टचं की काळाचं? निम्म्या वेळा उत्तर सापडतं, आणि पुढची बाटली निवडताना लेबलवरच्या विशेषणांपेक्षा तेच जास्त उपयोगी पडतं.